थंडीत ट्रॅक्टर चालू होत नाही : दोष थंडीचा की मशीनचा?



वेळा अमावस्या होऊन गेली. रानात भज्जी-आंबील झाली, ज्वारी निसवायला लागली आणि आपल्या बालाघाटाच्या माथ्यावर पहाटेचा गारठा बसला. ह्याच दिवसांत आम्हाला फोन यायला लागतात, पहाटे साडेपाच-सहाला. वाक्य ठरलेलं असतं. एकतर "सेल्फच उचलंना", नाहीतर "सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडंना." काल संध्याकाळी चांगला चालत घरी आलेला ट्रॅक्टर सकाळी रुसून बसतो. आणि नेमकी उसाची खेप असते. टोळी पहाटेच फडात गेलेली, ट्रॉल्या भरून उभ्या, मुकादम फोनवर फोन करतोय, तोडलेला ऊस तासातासाला वाळतोय आणि काट्यावरचा नंबर हातचा चाललाय. अशा वेळी माणूस घाईत जे करतो, त्यानं ट्रॅक्टरचं नुकसान होतं, आणि कधीकधी माणसाच्या जिवावरही बेततं.

म्हणून आज आपण ह्या एकाच विषयावर बोलू. आम्ही गॅरेजमध्ये हात काळे करणारी माणसं आहोत, त्यामुळे बोलणं साधंच असणार. पण कारण समजून घेऊन बोलू, कारण कारण समजलं की पाना कुठं लावायचा ते आपोआप कळतं.

पहिलीच गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडं पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, एखाद्या रात्री त्याच्याही खाली जातो. एवढ्या थंडीत धडधाकट डिझेल इंजिन चालू व्हायलाच पाहिजे. पंजाब-हरियाणातले ट्रॅक्टर ह्याच्याहून जास्त गारठ्यात चालू होतात. म्हणजे आपला ट्रॅक्टर १० अंशांत अडत असेल, तर थंडी हे त्याचं खरं कारण नाही. आजार आधीचाच असतो. थंडी येऊन फक्त त्याची चहाडी सांगते.

डिझेल पेटतं कशानं?

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्यानं १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली ऑग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वी चाललं, तेव्हापासून मूळ युक्ती तीच आहे. हवा इतकी दाबायची, की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तेच तत्त्व. आपल्या ट्रॅक्टरमध्ये ही हवा साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते.

आता एक ढोबळ हिशेब बघा. इंजिन चांगलं आहे, रिंगा-लायनर ठीक आहेत, सेल्फ जोरात फिरतोय. बाहेरची हवा ३० अंश असेल, तर दाबल्यावर ती साधारण ४२० अंशांपर्यंत जाते. बाहेरची हवा ८ अंश असेल, तर साधारण ३७० पर्यंत. म्हणजे थंडीनं ५० अंश खाल्ले. तरीही ३७० अंशांत डिझेल पेटतं.

आता तीच ८ अंशांची हवा घ्या, पण सेल्फ रेंगाळतोय आणि रिंगा घासलेल्या आहेत. पिस्टन हळू वर येतो. दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो, आणि जी राहते तिची उष्णता गार लायनर ओढून घेतं. अशा वेळी हवा जेमतेम २००-२२० अंशांवर अडकू शकते. डिझेल आपोआप पेटायला सुरुवातच २१० ते २५० अंशांच्या दरम्यान होते, आणि इंजिनात त्याला पेटायला सेकंदाचे काही हजारावे भागच मिळतात. मग ते पेटत नाही, पांढरा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं.

हा हिशेब लक्षात ठेवा. थंडीनं गेले ५० अंश. हळू फिरणाऱ्या सेल्फनं आणि गळक्या कॉम्प्रेशननं मिळून गेले दीडशे. खरा चोर कोण, ते तुम्हीच ठरवा.

थंडी की रात्रीचा मुक्काम?

ट्रॅक्टर सकाळी चालू होत नाही म्हटलं की आपण थंडीला बोल लावतो. पण सकाळी दोन गोष्टी एकदम घडलेल्या असतात. एक, इंजिन गार पडलेलं असतं. दोन, ट्रॅक्टर रात्रभर उभा असतो. ह्या दोन्हींचे आजार वेगवेगळे आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरमध्ये काय होतं? डिझेलच्या लाइनला कुठं केसाएवढी फट असली, वॉशर दबलेलं असलं, फिल्टरचं रबर कडक झालेलं असलं, तर तिथून हवा आत येते आणि डिझेल हळूहळू टाकीकडं परत उतरतं. आपण म्हणतो, "हवा धरली." सकाळी सेल्फ मारला की पंपाला आधी डिझेलच मिळत नाही. बराच वेळ फिरवल्यावर लाइन भरते आणि इंजिन पकडतं. दिवसभर मग काही त्रास नाही.

हे ओळखायचं कसं? सोपं आहे. उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी फीड पंपाचा हातपंप पाच-पंचवीस वेळा मारा, हाताला कडक लागेपर्यंत. मग सेल्फ मारा. नेहमी रडणारा ट्रॅक्टर झटक्यात पकडला, तर थंडीचा काही संबंध नाही. तुमच्या लाइनला हवा धरतीय. दुसरी परीक्षा अशी : सुट्टीचा दिवस बघून ट्रॅक्टरला सकाळी हातच लावू नका. दुपारी ऊन तापल्यावर पहिला सेल्फ मारा. तेव्हाही तेवढाच वेळ लागला, तर दोष मुक्कामाचा. दुपारी लगेच चालू झाला, तर दोष गारठ्याशी जोडलेला, म्हणजे बॅटरी, ऑइल, कॉम्प्रेशन नाहीतर नोझल. ह्या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही, आणि अर्धं निदान तिथंच होतं.

कान आणि डोळे : सेल्फचा आवाज, धुराचा रंग

पुढचं अर्धं निदान कानानं आणि डोळ्यानं करायचं. एक माणूस सीटवर, एक बाजूला सायलेन्सर दिसेल असा उभा.

आधी कान. सेल्फ नुसताच "टक" करून थांबतो का? रडत रडत, ओढून ओढून फिरतो का? की दमात फिरतो? टक करून थांबला किंवा रेंगाळला, तर डिझेलकडं बघूच नका, आधी विजेचं काम. चालू व्हायला इंजिन मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे तरी फिरलं पाहिजे. तेवढं फिरत नसेल, तर पंप आणि नोझल कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

सेल्फ दमात फिरतोय, मग डोळे. सायलेन्सरकडं बघा.

धूर अजिबात नाही : डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. स्टॉपची दोरी पूर्ण आत गेली आहे का? ती अर्धवट अडकल्यामुळं ट्रॅक्टर ओढत गॅरेजला आणल्याचे प्रकार आम्ही पाहिलेत. टाकीचा कॉक, फिल्टर, लाइनमधली हवा, फीड पंप, ह्या क्रमानं बघत जा. ज्या गाड्यांना स्टॉपसाठी विजेचा सोलेनॉइड असतो, तिथं त्याला करंट येतो का तेही बघायचं.

पांढरा धूर, आणि त्याचा वास डोळ्यांना झोंबतो : डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडतेय. सेल्फची गती, कॉम्प्रेशन, नोझलचा फवारा, पंपाचं टायमिंग, ह्यांपैकी काहीतरी.

काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. एअर क्लीनर बघा. उसाच्या फडातला पाचटाचा भुगा आणि धूळ एका हंगामात क्लीनरचं काय करते, ते उघडल्यावर कळतं. ऑइल बाथचा क्लीनर असेल तर खुणेपर्यंतच ऑइल घाला. जास्त भरलं, तर त्यातूनही हवा अडते.

निळसर धूर : ऑइल जळतंय. रिंगा, नाहीतर व्हॉल्व्हचं काम जवळ आलंय.

बॅटरी आणि अर्थिंग : सगळ्यात जास्त फसवणूक इथं

बॅटरीच्या आत रसायनाचा खेळ आहे आणि गारठ्यात तो मंद होतो. २७ अंशांना जी बॅटरी पूर्ण ताकद देते, ती १० अंशांना साधारण वीस टक्के कमी देते. नेमकं त्याच वेळी गार ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळं इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. देणारा हात आखडला आणि मागणारा वाढला, असं दुहेरी दुखणं.

घरात साधा मल्टिमीटर असू द्या. सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांना लावा. १२.६ व्होल्ट दाखवलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ म्हणजे तळ दिसायला लागला. मग सेल्फ मारताना बघा. साडेनऊच्या खाली आकडा पडत असेल, तर एकतर बॅटरी दमली आहे, नाहीतर सेल्फ जास्त करंट खातोय.

पण बॅटरी बदलायच्या आधी थांबा. वाशी भागातून एक ट्रॅक्टर आमच्याकडं आला होता. मालकानं नवीन बॅटरी घातली होती. फरक पडला नाही, म्हणून सेल्फ खोलून ब्रश, बुश सगळं बदललं होतं. तरी सकाळी सेल्फ रेंगाळायचाच. दुपारी मात्र चांगला फिरायचा. आम्ही मीटर लावला. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर १०.८ व्होल्ट, पण सेल्फपर्यंत पोचत होते फक्त ८.५. मधले २.३ व्होल्ट गेले कुठं? मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावून परत सेल्फ मारला. तिथं १.९ व्होल्ट. म्हणजे चोरी अर्थिंगच्या केबलवर होती. केबलचा लग बोल्टखाली रंगावरच आवळला होता आणि खाली गंज धरला होता. लग काढला, पॉलिश पेपरनं जागा पांढरी केली, घट्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर चालू.

मग दुपारी का चालायचा? कारण गरम इंजिनाला करंट कमी लागतो. करंट कमी, तर खराब जोडावर नुकसानही कमी. सकाळी करंट जास्त, तेव्हा तोच जोड उघडा पडतो. चहाडी म्हटलं ती ही.

ह्या मापाचा नियम लिहून घ्या : सेल्फ मारताना अर्थिंगच्या वाटेवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. पॉझिटिव्ह केबलचंही तसंच. जास्त दिसलं, तर आधी टोकं आणि जोड साफ करा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, आणि कोरडं करून व्हॅसलीन लावा.

ऑइल, आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

ऑइलच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल गारठ्यात पातळ राहतं. इंजिन तापल्यावर दोन्ही सारखीच, कारण मागचा आकडा ४० आहे. तुमच्या कंपनीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० चालतं असं लिहिलं असेल, तर हिवाळ्यात ते घालायला हरकत नाही. पण ऑइल जुनं होऊन काजळीनं घट्ट झालेलं असेल, तर डब्यावरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. तास भरले की बदला.

दुसरी गोष्ट आमच्याच धंद्यातली आहे, म्हणून जरा लाजत सांगतो. उन्हाळ्यात ट्रॅक्टर गरम होतो अशी तक्रार आली, की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. "आता गरम होणार नाही" म्हणतात. खरं आहे, होत नाही. पण हिवाळ्यात तो लवकर तापतही नाही. गार इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, लायनरवरून धुऊन चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ करतं आणि रिंगा-लायनर लवकर घासतात. मग कॉम्प्रेशन उतरतं आणि दोन-तीन हिवाळ्यांनी तोच ट्रॅक्टर सकाळी रडायला लागतो. गरम होण्याचं मूळ कारण रेडिएटर, पंखा, बेल्ट ह्यांत शोधा. थर्मोस्टॅट जागेवर राहू द्या.

डिझेल गोठतं का?

हा प्रश्न दरवर्षी येतो. डिझेलमध्ये मेण असतं. फार थंडीत ते दाणे धरतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणूनच लडाखसाठी २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं गेलं. आपल्या देशाच्या मानकात डिझेलसाठी हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची मर्यादा वेगळी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलमध्ये फिल्टर तुंबण्याचं तापमान जास्तीत जास्त ६ अंश चालतं, बाकीच्या महिन्यांत १८ अंशांपर्यंत चालतं. म्हणजे हिवाळ्यात पंपावरून आणलेलं ताजं डिझेल आपल्याकडं गोठायची भीती जवळजवळ नाही.

पण ह्यात एक मेख आहे. कुणी मे-जूनमध्ये पेरणीसाठी बॅरल भरून ठेवलं आणि त्यातलं उरलेलं डिझेल डिसेंबरमध्ये वापरलं, तर ते उन्हाळ्याचं डिझेल आहे. पहाटेच्या गारठ्यात त्यात मेण धरू शकतं. काचेच्या बाटलीत थोडं घेऊन रात्रभर बाहेर ठेवा. सकाळी गढूळ दिसलं आणि उन्हात ठेवल्यावर निवळलं, तर ते मेण. निवळलं नाही, खाली थेंब साचले, तर ते पाणी. आपल्या भागात खरा त्रास पाण्याचाच जास्त. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडते, आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर थेंब धरतो आणि खाली उतरतो. म्हणून टाकी संध्याकाळी भरून ठेवा, सकाळी नाही. आणि सकाळी फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी काढून टाका.

इंजिन खोलायच्या आधी

विजेचं काम ठीक, हवा धरत नाही, तरी पांढरा धूर. आता कॉम्प्रेशन आणि फवारा. पण इथंही क्रम स्वस्ताकडून महागाकडं. आधी टॅपेटचं सेटिंग तपासा. टॅपेट फार आवळला असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि तिथून दाब जातो. मग नोझल काढून टेस्टिंग मशीनवर बघा. फवारा धुक्यासारखा पाहिजे. पिचकारीसारखी धार किंवा टोकावर थेंब दिसला, तर गार इंजिनात ते डिझेल पेटत नाही. पंप नुकताच उतरवून बसवला असेल आणि त्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर टायमिंगची खूण जुळते का ते बघा. हे सगळं ठीक निघालं तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. ब्रीदरमधून भकाभका वाफ येणं, ऑइल कमी होणं आणि सकाळी चालू न होणं, तिन्ही एकत्र असतील, तर मात्र रिंगा-लायनरचं काम आलंच. ते हंगामाच्या मध्ये अडकण्यापेक्षा कारखाना बंद झाल्यावर करा, पण करा.

घाईत काय करू नये

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे ऐकून बाकीचं विसरलात तरी चालेल.

एक. खाली उभं राहून स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फची टोकं जोडायची नाहीत. बरेच जण हे करतात आणि शंभरदा काही होत नाही. ट्रॅक्टरला न्यूट्रलचा किंवा क्लचचा जो सेफ्टी स्विच असतो, तो ह्या युक्तीत बाजूला पडतो. रात्री कुणी गिअरमध्ये उभा केलेला असला, तर इंजिन पकडताच ट्रॅक्टर पुढं जातो. आणि स्क्रू ड्रायव्हर घेतलेला माणूस उभा असतो मोठ्या चाकाच्या पुढं. पळायला वेळ मिळत नाही. अशी माणसं गेलेली आहेत. सेल्फ किल्लीवर चालत नसेल, तर स्विच दुरुस्त करा. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसूनच चालू करायचा.

दोन. चेंबरखाली पाचट, गोवऱ्या, चिंध्या पेटवायच्या नाहीत. तिथं वर ऑइल, बाजूला डिझेलच्या नळ्या, वायरिंग आणि शेजारी कडब्याची गंज. एका खेपेसाठी गोठा जाऊ शकतो.

तीन. ईथरचा स्प्रे, किंवा पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरायचा नाही. ईथर फार लवकर पेटतं, पिस्टन वर पोचायच्या आधीच. तो जो "ठण्ण" आवाज येतो, तो पिस्टनवर बसलेला घण आहे. रिंगा आणि त्यांच्या खाचा तुटतात. इंजिनला हवा तापवणारा हीटर असेल, तर तिथंच स्फोट होऊ शकतो. आणि लोक म्हणतात ना, स्प्रेची सवय लागते, ते खरं आहे. दर खेपेला रिंगा थोड्या खराब होतात, म्हणून पुढच्या खेपेला स्प्रे जास्त लागतो.

चार. दुसऱ्या बॅटरीवरून चालू करताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा आणि निगेटिव्हची शेवटची चिमटी बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाही, तर लांब इंजिनच्या लोखंडावर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथं पडू नये. आणि दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडून २४ व्होल्ट कधीच द्यायचे नाहीत.

पाच. उतारावर उभा करून सकाळी ढकलून चालू करायची सवय मोडा. रात्री ब्रेक सुटला, तर तो ट्रॅक्टर कुणाच्या अंगणात जाईल, सांगता येत नाही.

चालू करायची रीत

गिअर न्यूट्रल, लिफ्ट खाली. क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल सेल्फला फिरवावं लागत नाही. एवढ्यानंसुद्धा फरक पडतो. हीटर असेल तर पुस्तकात दिलेत तेवढे सेकंद द्या. एक्सलेटर साधारण अर्धा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या पुढं नाही. मग अर्धा मिनिट थांबा. सेल्फ गार होतो आणि बॅटरी थोडी सावरते. तीन-चार वेळा करून पकडलं नाही, तर थांबा आणि कारण शोधा. बॅटरी मारून काही मिळत नाही. चालू झाल्यावर लगेच रेस करू नका. ऑइल वरपर्यंत पोचू द्या. टर्बो असेल तर हे जास्तच पाळा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

एका काकांनी विचारलं, रेडिएटरमध्ये कढत पाणी घालावं का? काका, पूर्वी लोक रात्री पाणी सोडून सकाळी गरम पाणी भरायचे. पण गार हेडमध्ये एकदम उकळतं पाणी गेलं तर हेडला तडा जाऊ शकतो. आणि आता रेडिएटरमध्ये कूलंट असतं, ते रोज सोडून द्यायचं नसतं. त्यापेक्षा ट्रॅक्टर रात्री शेडमध्ये, वाऱ्याच्या आडोशाला लावा.

दुसरा प्रश्न : डिझेलमध्ये रॉकेल मिसळावं का? नको. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेल त्याच्यापेक्षा कोरडं. आपल्याकडं त्याची गरजही नाही.

तिसरा, एका ताईंचा : आमचा ट्रॅक्टर नवीन, कॉम्प्युटरवाला आहे, त्याला हेच लागू का? ताई, बॅटरी, अर्थिंग, पाणी, फिल्टर हे सगळं लागू, उलट जास्तच, कारण व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर डिझेल सोडतच नाही. ५० एचपीच्या पुढच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवीन प्रदूषण नियम लागले, त्यात कॉमन रेल इंजिनं आली. पण जुन्या गाडीत हवा काढायला नोझलचा पाइप सैल करतात, ते इथं अजिबात करायचं नाही. ह्या रेलमध्ये हजार बारच्याही पुढं दाब असतो. तसली बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. जुन्या ट्रॅक्टरमध्येही नळीची गळती बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. लागलंच, तर लगेच दवाखाना.

जाता जाता एक छोटं काम सांगतो. शेडच्या भिंतीवर खडूनं रोज लिहा : आज सेल्फ किती सेकंद मारावा लागला. आज तीन, पुढच्या आठवड्यात पाच, त्याच्या पुढं आठ. आकडा वाढत चालला, तर मशीन तुम्हाला आधीच सांगतंय. तेव्हा संध्याकाळी निवांत हातपंप मारा, मीटर लावा, जोड साफ करा. म्हणजे पहाटे टोळी फडात बसलेली असताना हातात स्क्रू ड्रायव्हर घ्यायची वेळ येणार नाही.

एवढं बोलून थांबतो.  आमचा मीटर समोर टेबलावर ठेवलाय. ज्यांना वापरून बघायचाय त्यांनी पुढं या, बाहेर लावलेल्या ट्रॅक्टरवरच दाखवतो.